गल्ला आमचा, किल्ली त्यांची

माझी आपा भिवंडीतून ऑनलाइन दुपट्टे विकते. ईदआधी माल पोहोचला, ग्राहकांनी पैसे भरले. तिच्या हिशेबात मात्र महिनाभर ‘होल्ड’. कारागिरांची मजुरी तिने उसनवारी करून दिली.

‘सिस्टिमला वेळ लागतो’ हे मला सांगू नका. मी सिस्टिमच लिहितो. कमिशन तत्काळ कापता येतं, तर पैसे अडवणं हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत थांबा, कबूल. पुढे काय? २००६ च्या एमएसएमई कायद्यात लहान उद्योजकाचे पैसे ४५ दिवसांत द्यायची सक्ती आहे, पण ती खरेदीदारावर. कंपनी म्हणते, आम्ही खरेदीदार नाही, नुसता बाजार. मग बाजाराने गल्ला का दाबून धरावा? ही पळवाट कायद्याने बुजवलीच पाहिजे. उशिराचं व्याज आपाला नकोच आहे. तिचा हक्काचा पैसा वेळेवर द्या.