जाहिरात निघाल्यावर नियम बदलता येतो का? शिक्षक भरती, कोर्ट आणि आपण

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. शिक्षक भरतीशी संबंध नसेल तर सोडून द्या. पण घरात एखादा डी.एड., बी.एड. झालेला असेल (आणि आपल्या तालुक्यात कुणाच्या घरात नाही?) तर शेवटपर्यंत वाचा.

२३ नोव्हेंबरची टीईटी झाली. माझं फॉर्म भरायचं दुकान आहे हे तुम्हाला माहीतच आहे. या वेळी हॉल तिकिटाच्या रांगेत पंचविशीतली पोरं होती आणि पन्नाशीतले गुरुजीही होते. एका बाईंचा फॉर्म भरला, वय ५१. २००३ साली शिक्षणसेवक म्हणून तीन हजार मानधनावर लागल्या, तेव्हापासून शिकवतायत. त्यांच्या मागे उभा असलेला पोरगा त्यांचाच चौथीतला विद्यार्थी. बाईंनी त्याला विचारलं, "कुठलं पुस्तक वापरतोस रे?" रांगेतले हसले. बाई नाही हसल्या.

त्या बाईंवर ही वेळ का आली, ते आधी सांगतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर याबद्दल वाट्टेल ते फिरतंय.

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. प्रकरणाचं नाव 'अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य', म्हणजे मूळ आपल्याच राज्यातलं. निकालाचा गाभा असा : शिक्षण हक्क कायदा येण्याआधी लागलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागणार. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असेल तर दोन वर्षांत पास व्हायचं, नाहीतर सक्तीची निवृत्ती. पाच वर्षांहून कमी राहिली असतील तर टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत राहा, पण बढती हवी असेल तर परीक्षा द्या. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या घटनापीठाकडे पाठवायला सांगितलाय, तो वेगळा विषय.

आता गंमत बघा. २३ ऑगस्ट २०१० ला एनसीटीईने शिक्षकांच्या किमान पात्रतेची अधिसूचना काढली, तिच्यातूनच टीईटी जन्माला आली. त्याच अधिसूचनेत लिहिलेलं होतं की आधी नियमानुसार नेमणूक झालेल्या शिक्षकांना ही नवी पात्रता मिळवण्याची गरज नाही. मग २०१७ ची कायदा दुरुस्ती आली : ३१ मार्च २०१५ ला सेवेत असलेल्या, पण किमान पात्रता नसलेल्या शिक्षकांनी चार वर्षांत ती मिळवावी. जुन्या शिक्षकांनी २०१० चा कागद धरला, कोर्टाने कायद्याचं कलम धरलं. अधिसूचनेपेक्षा कायदा मोठा, हे तर्काने बरोबरच आहे. पण पंधरा वर्षं सरकारने, शिक्षण खात्याने, कुणीही त्या बाईंना 'तुम्हाला हे लागू आहे' असं एका ओळीने कळवलं नव्हतं. माझा राग कोर्टावर नाही, या पंधरा वर्षांच्या गप्प बसण्यावर आहे.

बरं, हा झाला नोकरीत असलेल्यांचा प्रश्न. जे अजून बाहेर आहेत त्यांची अवस्था याहून वाईट आहे.

प्रत्येक जण मला विचारतो, "दादा, जाहिरात निघाल्यावर नियम बदलता येतो का? कोर्टात टिकतं का?" याचं उत्तर ७ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिलंय, तेजप्रकाश पाठक प्रकरणात. मामला शिक्षकांचा नव्हता. राजस्थान हायकोर्टाच्या अनुवादकांच्या १३ जागा, जाहिरात २००९ ची. २१ जणांनी परीक्षा दिली आणि नंतर ठरलं की ७५ टक्के मिळाले तरच निवड. पास झाले तीन. बाकीचे कोर्टात गेले. तेरा जागांच्या त्या भांडणाचा निकाल यायला पंधरा वर्षं लागली!

घटनापीठ म्हणालं, भरती जाहिरातीने सुरू होते आणि जागा भरल्यावर संपते. सुरुवातीला सांगितलेले पात्रतेचे निकष मधेच बदलता येत नाहीत. इथपर्यंत सगळे टाळ्या वाजवतात आणि स्टेटस ठेवतात. पुढचं वाक्य कुणी वाचत नाही. मूळ नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा असेल तर बदल करता येतो, फक्त तो मनमानी नसावा. आणि निवड यादीत नाव आलं म्हणजे नोकरी मिळालीच, असा पक्का हक्कही तयार होत नाही.

हे 'मुभा असेल तर' किती महागात पडतं ते उत्तर प्रदेशच्या पोरांना विचारा. ६९,००० सहायक शिक्षकांची भरती. परीक्षा ६ जानेवारी २०१९ ला झाली. दुसऱ्या दिवशी, ७ जानेवारीला, सरकारने आदेश काढला : खुल्या वर्गाला ६५ टक्के, राखीवला ६० टक्के लागतील. आधीच्या भरतीत हेच ४५ आणि ४० होते. पेपर देऊन पोरगा घरी पोचतोय तोवर पास व्हायचा आकडा बदलला. मार्च २०१९ मध्ये हायकोर्टाच्या एकल न्यायमूर्तींनी आदेश रद्द केला. मे २०२० मध्ये खंडपीठाने तो उचलून धरला. नोव्हेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानेही मान्य केला. कारण? किमान गुण ठरवायचा अधिकार नियमांनी सरकारला दिलेलाच होता, आणि आधीची परीक्षा लेखी उत्तरांची होती, ही पर्यायी उत्तरांची, उमेदवारही कितीतरी जास्त.

कायद्याच्या पुस्तकात हे बसतं. तरी मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही की हा आकडा ५ जानेवारीला जाहीर करायला काय अडचण होती. अधिकार होता ना? मग परीक्षेच्या आधी वापरायचा. उमेदवाराला आधी कळलं असतं तर तो वेगळा अभ्यास करतो, फॉर्मच भरत नाही, दुसरीकडे बघतो. ती निवड त्याच्या हातातून काढून घेतली, आणि याची नोंद कुठल्याच निकालपत्रात होत नाही.

उलटंही घडतं, तेही सांगायला हवं. तामिळनाडूत २०१३ ची टीईटी झाल्यावर, फेब्रुवारी २०१४ मध्ये सरकारने राखीव प्रवर्गांना पाच टक्के सूट दिली, तीही झालेल्या परीक्षेला लागू करून. आधी पास झालेले चिडले, कारण त्यांच्या स्पर्धेत अचानक हजारो जण आले. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सूट कायम ठेवली. आपल्याकडेही टीईटी प्रमाणपत्राची मुदत सात वर्षं होती, २०२१ मध्ये केंद्राने ती आयुष्यभराची केली, तीही २०११ पासून. २०१३ साली पास झालेल्यांची प्रमाणपत्रं बाद झाली होती, ती जिवंत झाली. तेव्हा आपल्यातलं कुणी म्हणालं नाही की 'नियम मधेच बदलू नका'. आपल्या फायद्याचा बदल म्हणजे न्याय आणि दुसऱ्याच्या फायद्याचा म्हणजे अन्याय, हे चालणार नाही. प्रत्येक बदल वाईट नसतो. तो कधी केला आणि कुणाला आधी सांगितलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता डी.एड. विरुद्ध बी.एड. आपल्या ग्रुपवर यावरून रोज भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. २८ जून २०१८ ला एनसीटीईने अधिसूचना काढली की बी.एड.वाले पहिली ते पाचवीला चालतील, नोकरी लागल्यावर दोन वर्षांत सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा. उत्तर प्रदेशच्या त्याच ६९,००० मध्ये बी.एड.वाले शिरले ते या दारातून. राजस्थानने मात्र त्यांना घेतलं नाही. प्रकरण तिथल्या हायकोर्टात गेलं, अधिसूचना रद्द झाली, आणि ११ ऑगस्ट २०२३ ला देवेश शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केलं : लहान मुलांना शिकवायचं प्रशिक्षण डी.एड.मध्येच असतं, बी.एड. ही वरची पदवी असली तरी त्या कामाची नाही.

मला हा निकाल पटतो. पहिलीच्या पोराला अक्षर ओळखायला शिकवणं हे वेगळं कसब आहे. पण पाच वर्षं ज्या पोरांनी केंद्राच्या कागदावर विश्वास ठेवून फॉर्म भरले, त्यांचं काय? एप्रिल २०२४ मध्ये कोर्टाने खुलासा केला की ११ ऑगस्ट २०२३ आधी नेमणूक झालेल्यांना संरक्षण, तेही जाहिरातीतच बी.एड. पात्रता लिहिलेली असेल आणि नेमणूक कोर्टाच्या अंतिम निकालाच्या अधीन नसेल तर. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये अडीच हजारांहून जास्त बी.एड. शिक्षक या चाळणीतून खाली पडले. शाळेत शिकवत होते, पगार घेत होते, घरी बसले. पुढे सरकारने त्यांना प्रयोगशाळेच्या पदांवर सामावून घ्यायचं ठरवलं. अधिसूचना काढणाऱ्या एनसीटीईतल्या कुणाची नोकरी गेल्याचं मी तरी वाचलं नाही.

आणि आपला महाराष्ट्र? २ मे २०१२ चा भरतीबंदीचा जीआर आठवतो ना? त्यानंतर संस्थांनी केलेल्या नेमणुकांच्या मान्यतेवरून वर्षानुवर्षं हायकोर्टात खेटे घातले गेले. १३ फेब्रुवारी २०१३ ला टीईटी सक्तीची झाली. २०१७ ला पवित्र पोर्टल आणि टेट आली. दोन तास, दोनशे गुण. पहिली टेट डिसेंबर २०१७ ला, दुसरी थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधली पाच वर्षं कुणाच्या खात्यात धरायची? त्यातच २०१९-२० च्या टीईटीचा घोटाळा उघड झाला, साडेसात हजारांहून जास्त उमेदवार त्यात अडकले, आणि प्रामाणिकपणे पास झालेल्याकडेही लोक संशयाने बघायला लागले. जुलै २०२३ मध्ये तर सरकारने निवृत्त शिक्षकांना वीस हजार मानधनावर घ्यायचा जीआर काढला. अभ्यासिकेत बसलेल्या पोरांनी तो वाचला तेव्हा काय वाटलं असेल, तुम्हीच ठरवा.

खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८, राखीवची ४३. तारखा पडतात, वय थांबत नाही. खटला लढणारे दहा-वीस जण असतात, वर्गणी काढून वकील देतात. स्थगिती आली की थांबतात हजारो. त्यातले बरेच जण कंपनीत लागतात, शेती बघतात, कुणी रिक्षा चालवतं. निकाल लागेपर्यंत भरती त्यांच्यासाठी संपलेली असते. आणि जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतो, तिथल्या पोरांच्या वतीने कुणीच याचिका करत नाही.

मला जे हवंय ते फार मोठं नाही. जाहिरात काढायच्या आधी नियम अंतिम करा, किमान गुणांसकट. नवा जीआर कुठल्या परीक्षेपासून लागू, ते त्याच जीआरमध्ये लिहा, मागच्या परीक्षेला नको. कोर्टाच्या स्थगितीत भरती अडकली तर तेवढे महिने वयात आपोआप सूट द्या, त्यासाठी वेगळी याचिका करायला लावू नका. टीईटी नव्यांना हवीच, यात मला शंका नाही. पण वीस वर्षं शिकवलेल्या बाईंची परीक्षा घ्यायचीच असेल तर त्यांच्यासाठी वेगळी घ्या, वर्गात जे शिकवतात त्यावर घ्या. नवख्या उमेदवारासाठी बनवलेल्या पेपरावर त्यांची नोकरी टांगू नका. हा बदल कोर्ट करणार नाही, संसदेला करावा लागेल. आपल्या खासदारांना विचारा त्यांनी यावर कधी तोंड उघडलंय का.

काही संघटनांचं 'आम्हाला परीक्षाच नको' हे म्हणणं मला पटत नाही, तेही सांगून ठेवतो. कमेंटमध्ये शिव्या द्यायच्या तर द्या.

पुढची जाहिरात येईल तेव्हा एवढं करा. जाहिरातीची पूर्ण पीडीएफ उतरवून ठेवा, तारखेसकट, कारण वेबसाइटवरची फाइल बदललेली मी डोळ्याने पाहिलीय. 'नियमांत बदल करण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे' हे वाक्य त्यात आहे का आणि ते कशाबद्दल आहे, ते शोधा. बहुतेक शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. शुद्धिपत्रकं आली की तीही त्याच फोल्डरमध्ये टाका. वकील पहिल्या भेटीत हेच कागद मागतात. ज्यांच्याकडे २०२३ च्या टेटची मूळ जाहिरात आणि शुद्धिपत्रकं आहेत त्यांनी मला पाठवा, दोन जण शोधतायत.