खेळ पतंगाचा, शिक्षा दलदलीला?

आज कापसाचं नाही, डासांचं लिहितो.

परवा एक पाहुणे गोव्याहून फिरून आले. मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर काईटबोर्डिंग बघितलं म्हणे. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, वीसेक मीटर दोऱ्यांवर भला मोठा पतंग, आणि वारा माणसाला पाण्यावरून ओढत नेतो. खेळ झकास आहे, माझी काही हरकत नाही. पण पुढे म्हणाले, "संध्याकाळी मच्छर फार. खाडीकाठची दलदल बुजवून टाकायला पाहिजे. आणि आपल्या प्रकाशाच्या बॅरेजवर असं काही सुरू करायचं तर आधी काठ साफ करा, धूर मारा."

भाऊ, जरा थांबा.

पतंगाला ताशी वीसेक किलोमीटरचा वारा लागतो. डास बिचारा ताशी दोन-तीन किलोमीटर उडतो. म्हणजे खेळ चालू असताना तो चावत नाही, वारा पडला की चावतो. पाहुण्यांना तासभर, काठावर राहणाऱ्याला रात्रभर. मग सोय कोणाची बघायची?

आता दलदलीचं. खाऱ्या पाण्यात डास होतच नाही असं नाही. क्युलेक्स सिटियन्स तिथलाच. पण भरती-ओहोटी दिवसातून दोनदा जिथे आत-बाहेर करते, तिथे मासे येतात, अळ्या खातात. गोव्याच्या खाजणात बांध घालून 'मानस' बसवतात, म्हणजे पाण्याचं दार. ते दार अडकलं, कुठे भराव पडला, पाणी तुटून डबकं झालं, की आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणजे भराव अर्धवट पडला तर डास वाढतातच! शिवाय २०११ आणि २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनांत खाऱ्या दलदली आणि कासवांच्या अंडी घालायच्या जागा सगळ्यात कडक वर्गात आहेत. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं येतात, हे पाहुण्यांना कोणी सांगितलं नसावं.

धुराचं आपल्याला कोणी शिकवू नये. धुराने उडता डास मरतो, पाण्यातली अळी मजेत राहते. जाता जाता मधमाशी मात्र मरते. गुलाबी बोंडअळी बीटीलाही पचवून बसली, ते आपण शेतात बघितलं. मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसिस डीडीटीला तसाच सरावला.

आपल्याकडे डास तापीच्या वाहत्या धारेत होत नाही. पाणी उतरल्यावर काठाला जी डबकी राहतात, रस्त्यासाठी मुरूम उपसून जे खड्डे तसेच सोडतात, तिथे होतो. धडगाव-अक्कलकुव्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठी लोक बारा महिने राहतात. दवाखान्यात जायलासुद्धा होडी लागते. त्यांच्यासाठी कोणी 'काठ साफ करा' म्हणत नाही.

बॅरेजवर पतंग उडवायचा तर खुशाल उडवा. पण त्याआधी मुरमाचे खड्डे बुजवा, डबक्यांना चर काढून नदीला जोडा. जे तुटकं पाणी जोडता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडा. आणि औषधी मच्छरदाण्या पावसाळ्याच्या आधी वाटा, नंतर नाही.