घर पाहावे राखून

‘घर पाहावे बांधून अन् लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. घर बांधताना माणूस कसा मेटाकुटीला येतो, ते या म्हणीत आले. बांधलेले घर राखणे किती अवघड, ते मात्र आले नाही. त्या काळी पावसाळ्याआधी कौले परतायला घरधनी स्वतःच शिडी लावून चढत असे. आता शिडीच्या जागी लिफ्ट आली आहे, आणि ती बंद पडली तर घरधन्याच्या हाती काही नसते.

हे आठवायचे कारण म्हणजे मुंबईच्या बीडीडी चाळी. १९२० साली इंग्रज सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले आणि त्या खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. तळमजला आणि वर तीन मजले, १६० चौरस फुटांची एकेक खोली, संडास सामाईक. तेथे पिढ्या वाढल्या. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर मालकीचे आणि मोफत. रात्री-अपरात्री सामाईक संडासाकडे जाण्याचे दुःख ज्यांनी सोसले, त्यांना चाळीच्या आठवणींचे उमाळे ऐकवू नयेत. ही घरे त्यांच्या हक्काचीच होती.

यवतमाळ-पुसद-वणीचा वाचक विचारील, मुंबईच्या टॉवरशी आमचा संबंध काय? संबंध आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली, तेव्हा मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. १९७७ साली म्हाडा आली आणि आपले विदर्भ गृहनिर्माण मंडळ तिच्यात विलीन झाले. बीडीडी चाळींचे काम याच म्हाडाकडे आहे आणि यवतमाळ जिल्हा तिच्याच अमरावती मंडळात मोडतो. जुन्या वसाहती पाडून उंच इमारती बांधण्याचा विचार आज मुंबईत रुजला, तो उद्या आपल्या दारी येणारच.

तो येईल तेव्हा आपण काय विचारणार? किती चौरस फूट, हे तर विचारूच. पण अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराची गोष्टही ध्यानात ठेवावी. तेथे १९५०च्या दशकात गरिबांसाठी प्रुइट-आयगो नावाची अकरा मजली ३३ इमारतींची सरकारी वसाहत बांधली गेली. देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून भागवायचा, असा हिशेब होता. कुटुंबे निघून जाऊ लागली, भाडे आटले, लिफ्ट बंद पडल्या, नळ फुटले. १९७२ साली सरकारनेच सुरुंग लावून त्या इमारती पाडायला घेतल्या. बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. त्या वसाहतीच्या दैन्याला इतरही कारणे होती, परंतु राखण्यासाठी पैसा नसणे हे त्यांतले मोठे.

आपल्याकडे पाण्याचा प्रश्न वेगळाच. २०१८ साली निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला, तेव्हा टँकरमागे धावलेल्या यवतमाळकरांना काही समजावून सांगायला नको. जे पाणी अंगणातल्या नळाला येत नाही, ते दहाव्या मजल्यावर कसे चढणार? पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे या साऱ्यांचे वीजबिल दर महिन्याला येते. सुरुवातीची काही वर्षे कोणी तरी भरील. पुढे ते त्या घरातल्या मजुराच्या, शिपायाच्या, पेन्शनवाल्या आजीच्या माथी येईल. घर फुकट मिळाले तरी त्यात राहणे फुकट नसते. आणि ज्याला हा खर्च झेपत नाही, तो घर विकून पुन्हा झोपडीत जातो.

म्हणून जुन्या भिंतीला पहिली कुदळ लागण्यापूर्वीच हिशेब लेखी हवा. महिन्याचा खर्च किती, तो भागवणारी ठेव किती, ती कोणाच्या नावे, आणि पाणी कोठून येणार? घराचा नकाशाही आधी तेथल्या बायकांना दाखवावा. पापड-कुरडया कोठे वाळवायच्या, म्हाताऱ्या माणसाने संध्याकाळी कोठे टेकायचे, हे त्यांना अधिक कळते.

चावीच्या समारंभाला फोटो निघतात, भाषणे होतात. इमारतीची खरी परीक्षा दहा वर्षांनी, एखाद्या मे महिन्याच्या दुपारी होते. हंडा घेऊन जिना चढणारी बाई त्या वेळी दिसली नाही, तर घर बांधले म्हणावे.