आपली सॅक आपल्या पाठीवर

"हनिमूनला कोणी सॅक घेऊन जातं का गं? तो काय राजगड आहे?"

हा प्रश्न माझ्या मावशीचा. स्थळ : कोथरूड, डहाणूकर कॉलनी. वेळ : रविवार दुपार. रविवारी रात्री मेस बंद असते हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेच, त्यामुळे माझा रविवार मावशीच्या खाती जमा. त्या दिवशी ताटात मसालेभात होता आणि ताटाभोवती महायुद्ध. कारण माझ्या मावसबहिणीनं, म्हणजे ताईनं, जाहीर केलं होतं की तुळशीचं लग्न झालं की तिचं लग्न, आणि त्यानंतर पाच आठवडे ती आणि जिजू दक्षिण अमेरिकेत भटकणार. टूर कंपनी नाही, बुकिंग फक्त पहिल्या चार रात्रींचं, आणि सामान म्हणजे दोन सॅक.

(पुढे जाण्याआधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं. 'महायुद्ध' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सांभाळाव्यात. मतं मात्र माझी आहेत, ती तशीच छापावीत!)

प्रत्येकाचा आक्षेप वेगळा होता. आजीचा सगळ्यात सोपा : "तिथं खाणार काय?" ताई म्हणाली, "आजी, तुझा उपवास तिकडूनच आलाय." आणि ते खरंच आहे. बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. आपला साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही तिकडचाच. हे सगळं पोर्तुगीजांच्या काळात समुद्रमार्गे आपल्याकडे आलं. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. म्हणजे आषाढी एकादशीचं आपलं अर्धं ताट इमिग्रेशनच्या रांगेतून आलेलं आहे. आजी दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "मग भगर तरी बरोबर ने."

होणाऱ्या सासूबाईंचा आक्षेप फोनवरून आला. पहिली संक्रांत! काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू, आणि सून अर्जेंटिनात? आता पॅटागोनिया हा भाग पडतो खंडाच्या पार दक्षिण टोकाला. तिकडचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. "मे महिन्यात जा" म्हणणं म्हणजे तिकडच्या हिवाळ्याच्या तोंडावर जा म्हणणं. शेवटी तोडगा पंचांगातच सापडला. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं. त्याच्या आत परत यायचं. तह झाला.

काका म्हणाले, चांगल्या टूरबरोबर जा. त्यांच्या म्हणण्याला मी नावं ठेवणार नाही. केसरीभाऊ पाटलांनी १९८४ साली केसरी टूर्स सुरू केली, आणि अशा मराठी कंपन्यांमुळेच इंग्रजी बोलायला बिचकणारी कितीतरी माणसं निर्धास्तपणे परदेश बघून आली. पण टूरवर किती वाजता उठायचं, कुठे थांबायचं, काय खायचं हे तिसरंच कोणीतरी ठरवतं. लग्नाच्या चार दिवसांत नवरा-नवरीनं तेच तर केलेलं असतं!

मावशी सगळ्यात शेवटी बोलली. "स्थळ आलं, भेटले, सात महिन्यांची ओळख. परक्या देशात भांडण झालं तर ही जाणार कुठे?"

सगळे हसले. मीही हसले. पण तो प्रश्न माझ्याबरोबर हॉस्टेलवर आला. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

मधुचंद्र हा शब्दच मुळी इंग्रजीचं भाषांतर. आपल्याकडे नवं जोडपं आधी कुलदैवताला जातं. जेजुरीला नवरा नवरीला उचलून घेऊन पायऱ्या चढतो, फोटो निघतात, सगळे ओरडतात. मजाच असते ती. पण त्या पायऱ्या सोडल्या तर पुढे आयुष्यभर कोण कोणाला उचलतं, हे आपण आपापल्या घरी बघतोच.

मावशीचं लग्न झालं तेव्हा ते महाबळेश्वरला गेले होते. ते म्हणजे पाच जण : काका, मावशी, काकांची बहीण, भाऊ आणि एक चुलतभाऊ. दोघांनीच जाणं बरं दिसत नव्हतं म्हणून. मावशी हे अगदी हसत सांगते. खोलीत स्टोव्ह होता, ती सकाळी सगळ्यांचा चहा करायची. पॉइंट कोणते बघायचे ते बाकीचे ठरवायचे. "महाबळेश्वर पाहिलं मी," ती म्हणते, "ह्यांना नाही पाहिलं." मग जरा थांबून, "आणि पाकीट ह्यांच्याकडे. मला स्ट्रॉबेरी घ्यावीशी वाटली तर मागायला लागलं असतं. नाही मागितली."

काका वाईट नाहीत हो. आज ते मावशीला न सांगता तिच्या गुडघ्यांचं तेल आणतात. पण ही ओळख व्हायला त्यांना किती वर्षं लागली!

आता आपल्या हॉस्टेलचं बघा. पहिल्या वर्षी रेक्टर एक यादी लावतात. त्या यादीत मी नाशिकची, ती लातूरची. पसंती नाही, पत्रिका नाही, कांदेपोहे तर नाहीतच. सरळ एका खोलीत! आणि दिवाळीपर्यंत आम्हाला एकमेकींबद्दल जे कळलं ते आमच्या आयांनाही माहीत नसेल. ती परीक्षेच्या आदल्या रात्री रडते. मी आजारी पडले की अत्यंत हट्टी होते. पंख्याच्या स्पीडवरून आम्ही तीन दिवस अबोला धरला होता. हे इतकं लवकर कसं झालं? कारण खोली ना तिची होती, ना माझी. मीठ कुठे ठेवतात हे दोघींनाही माहीत नव्हतं.

लग्नात हे होत नाही. मुलगी सासरी जाते तेव्हा सगळी मॅच दुसऱ्या टीमच्या मैदानावर असते. डबे त्यांचे, वेळा त्यांच्या, चहात आलं घालायचं की वेलची हेही ठरलेलं. मुलगा माहेरी येतो तेव्हा तो जावई असतो. त्याला पाट-रांगोळी, पण स्वयंपाकघरात प्रवेश नाही. मग दोघं माणसं म्हणून भेटणार कुठे? म्हणून माझं मत : नव्या जोडप्याला एकदा तरी न्यूट्रल वेन्यू मिळायला हवा.

हे खूळ नवं नाही. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपण रोज ट्रॅफिकमध्ये उभे असतो, त्या महर्षी कर्व्यांचंच घ्या. मार्च १८९३ मध्ये त्यांनी पुण्यात एका विधवेशी, म्हणजे बाया कर्व्यांशी, लग्न केलं. नंतर ते गावी, कोकणात मुरूडला गेले, तर गावानं बहिष्कार घातला. स्वतःच्या गावातच परकं झालेलं हे जोडपं. पुढे दोघांनी मिळून हिंगण्याच्या माळावर जे उभं केलं ते आपल्या हॉस्टेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि याच अण्णांनी सत्तरीत, १९२९ मध्ये, युरोप-अमेरिका-जपान अशी फेरी केली; परत आल्यावर वर्षही झालं नव्हतं तोच आफ्रिकेला निघाले, पंधरा महिन्यांसाठी. काकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "ते संस्थेसाठी गेले होते." बरोबर आहे. पण गेले होते!

आणि ताईच्या डोक्यात हे भरवलं कोणी? मावशीनंच. नववीत असताना वाढदिवसाला तिनं ताईला 'दक्षिणरंग' दिलं होतं. मीना प्रभूंचं दक्षिण अमेरिकेवरचं पुस्तक. पुण्यात वाढलेली, लंडनला स्थायिक झालेली ही डॉक्टर बाई एकटी जग हिंडली आणि साध्या मराठीत लिहीत राहिली. मार्च २०२५ मध्ये त्या गेल्या. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्या मुलीनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलेलं ते पहिलं मराठी पुस्तक.

तर ताई गेली. आधी कागदपत्रांची मोहीम झाली. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते आणि तिचं पुस्तिकेसारखं सर्टिफिकेट जवळ ठेवावं लागतं. त्या भागातून त्याशिवाय परत आलात तर भारतातच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. पासपोर्टवर ताईचं माहेरचंच नाव राहिलं. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला लागत नाही आणि नाव बदलायची सक्तीही नाही. पाच आठवड्यांत दोन आडनावांवरून त्यांना कोणीही काही विचारलं नाही. विचारलं ते फक्त इथल्या सोसायटीत.

परत आल्यावर मी तिला मावशीचाच प्रश्न विचारला. भांडण झालं का? झालं. अर्जेंटिनाच्या उत्तरेला साल्टा शहर आहे, तिथल्या बसस्टँडवर. जिजूंना रस्ता विचारायचा नव्हता, ताईला विचारायचा होता, आणि या वादात बस गेली. पुढची दुसऱ्या दिवशी. दोघं दोन वेगळ्या बाकांवर चार तास बसले. मग जिजू मक्याचं सारण भरलेल्या करंज्यांसारखं काहीतरी घेऊन आले (तिकडे त्याला एम्पानादा म्हणतात) आणि म्हणाले, "मला वाटलं, विचारलं तर तुला मी बावळट वाटेन."

पुढे ला पाझला, म्हणजे जवळजवळ ३,६०० मीटरवर, कळसूबाईच्या दुपटीहून उंच, जिजू दोन दिवस डोकं धरून पडले होते. लग्नाच्या व्हिडिओतला तो फेटेवाला हीरो उलट्या करत होता, आणि ताई दहा स्पॅनिश शब्दांवर औषधाचं दुकान शोधत होती.

"पण त्या बाकावर भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या सॅकमध्ये माझा पासपोर्ट होता, माझं कार्ड होतं, घरी येण्यापुरते पैसे होते. मी उठून निघून जाऊ शकत होते. म्हणून तर थांबले."

मित्रमैत्रिणींनो, हा माझा मुद्दा. मावशीचा प्रश्न चुकीचा नव्हता. फक्त त्याचं उत्तर "जाऊ नको" हे नाही. त्याचं उत्तर "परतीचे पैसे तुझ्याजवळ ठेव" हे आहे.

माझी लातूरची रूममेट हे वाचून म्हणाली, "हे सगळं कोथरूडवाल्यांचं चोचलं हाय. आमच्याकडं तुळजापूर झालं की झाला हनिमून." तिचं खरं आहे. दोघांच्या आयटीतल्या नोकऱ्या नसत्या आणि प्री-वेडिंग शूट, घोडा, निम्मे पाहुणे हे सगळं रद्द केलं नसतं, तर हे जमलं नसतं. पण त्यासाठी खंडच बदलायला पाहिजे असं कुठे आहे? एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास मिळतो, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. दोन पास, दोन सॅक, आणि बरोबर चुलतभाऊ नको. एवढं पुरे.

रथसप्तमीच्या आत ताईचं हळदीकुंकू झालं. काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळं साग्रसंगीत. सासूबाई खूश. मावशीनं फोटो वगैरे काही मागितले नाहीत. ताईला बाजूला घेऊन एकच विचारलं, "पैसे कोणाकडे होते?"

"दोघांकडे," ताई म्हणाली.

मावशीनं तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. एकदा, आणि मग अजून एकदा.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन