आधी कोणतं दार?

मुलांनो, न्याय कुणाकडे मागायचा, यावरही खटला होतो बरं का! १९०१ साली अमेरिकेतल्या ॲबिलीन गावच्या तेलगिरणीने लुइझियानाहून रेल्वेने सरकी मागवली. रेल्वेने भाडं अवाच्या सवा घेतलं, अशी तक्रार घेऊन गिरणी टेक्सासच्या कोर्टात गेली.

रेल्वे म्हणाली, "भाडं वाजवी की नाही, हे पाहायला १८८७ पासून सरकारी आयोग आहे. आधी तिकडे जा!"

१९०७ साली सर्वोच्च न्यायालयाला ते पटलं. प्रत्येक कोर्टाने निराळा दर ठरवला, तर एकाच मार्गावर कुणाला कमी, कुणाला जास्त भाडं पडेल! खो-खोत प्रत्येक प्रेक्षकच पंच झाला, तर खेळ होईल का?

गिरणीचं भाडं खरंच जास्त होतं का, हे मात्र तिथे तपासलंच गेलं नाही. म्हणून तक्रार खरी असली, तरी आधी योग्य दार शोधायचं हं!