घर पाहावे बांधून!

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण आज ते बांधायचे कुणी?

माझा थोरला भाऊ पुण्याजवळ एका कारखान्यात आहे. पगार २५ हजार. २० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १८ हजार पडतो. मुद्दलापेक्षा व्याजच अधिक! उरलेल्या ७ हजारांत दादा, वहिनी व त्यांच्या छोकरीने कसे भागवावे? शिवाय बँक पूर्ण किंमत देत नाही. सुरुवातीची रक्कम आणि मुद्रांक शुल्क पदरचे. ज्यांच्या वडिलांनी साठवले, त्यांचे जमते. आमचे वडील शेतमजूर!

वडीलधारे म्हणतात, “आजची पोरे उधळी.” हिशेब मात्र निराळेच सांगतो.

१९२० च्या दशकात मुंबईत सरकारने बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्या भाड्याने देण्यासाठी. खोल्या लहान, संडास सामाईक. पण कामगाराला निवारा मिळाला. आज म्हाडाची सोडत निघते ती मुख्यतः घर विकत घेऊ शकणाऱ्यांसाठी. दादासारख्यांसाठी सरकारने पुन्हा माफक भाड्याची घरे बांधावीत, असे मला वाटते. मालकीचे स्वप्न थांबेल. पावसाळा थांबत नाही.

— द्वितीय वर्ष, कला