दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्यांची बाजू

आयआयएमचे अंतिम निकाल एप्रिल-मेमध्ये लागले, की पुण्या-नागपुरातल्या, ठाण्या-कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत एकच वाद सुरू होतो. मुलगी म्हणते, पुन्हा कॅट ही प्रवेश परीक्षा देते. मोठी माणसे म्हणतात, 'एकदा नाही म्हणाले ना ते, मग परत कशाला? नशिबात नव्हतं म्हण आणि पुढे चल.' या बोलण्यात काळजी असते, यात शंका नाही. पण त्यामागची गृहीतके चुकीची आहेत आणि त्यांच्यापायी चांगल्या कुवतीची मुले हातची संधी सोडून देतात.

पहिले गृहीतक म्हणजे नकार हा लायकीचा निवाडा असतो. २०२४ च्या कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार विद्यार्थी बसले. अहमदाबादच्या आयआयएममधल्या मुख्य अभ्यासक्रमाच्या जागा चारशेच्या आसपास. ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढेही जवळपास २,९०० जण असतात. त्या परीक्षेत १२० मिनिटांत ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण वजा. म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर बरोबर की चूक, यावर चार गुण हलतात आणि वरच्या टोकाला तेवढ्यात शेकडो क्रमांक मागे-पुढे होतात. इतक्या अरुंद फटीतून झालेल्या निवडीला माणसाच्या कुवतीचे मोजमाप म्हणणे अन्यायाचे आहे. त्या वर्षी, त्या जागांसाठी, त्या रांगेत नंबर लागला नाही, एवढाच या नकाराचा अर्थ.

परीक्षा बदलली तरी चित्र बदलते. मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेचा प्रवेश बव्हंशी राज्याच्या सीईटीवर होतो. तिथे १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. कॅटमध्ये जपून, निवडून सोडवावे लागते. सीईटीत वेग लागतो. एकीत मागे पडलेला विद्यार्थी दुसरीत पुढे जाऊ शकतो.

दुसरे गृहीतक म्हणजे पुन्हा अर्ज केला की 'रिपीटर'चा शिक्का बसतो. ही भीती तर निराधारच आहे. कॅट किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही, वयाचीही अट नाही. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, कामाचा अनुभव, कॅटचे गुण, मुलाखत असे आयआयएमचे निवडीचे निकष असतात, आणि ते संस्था आधीच जाहीर करतात. मागच्या वर्षीच्या नकारासाठी त्यात कुठेही गुण कापलेले नाहीत. परदेशात तर ही गोष्ट आणखी उघड आहे. व्हार्टन आणि कोलंबिया ही बिझनेस स्कूल पुन्हा अर्ज करणाऱ्यांना स्वतंत्र निबंध लिहायला सांगतात: मागच्या अर्जानंतर तुमच्यात आणि तुमच्या कामात काय बदलले? ज्यांना असे अर्जदार नकोच असतील, ते हा प्रश्न कशाला विचारतील?

गुंतवणूकदार वॉरन बफे यांचे उदाहरण या चर्चेत दोन्ही बाजू वापरतात आणि बहुतेक वेळा अर्धवट वापरतात. १९५० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांना नाकारले. 'बघा, हार्वर्डशिवाय काही अडले नाही,' असे सांगून लोक थांबतात. पण ते पुन्हा त्याच दारात गेले नाहीत, आणि गप्पही बसले नाहीत. ज्यांची पुस्तके वाचली होती ते बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड कोलंबियात शिकवतात हे कळताच त्यांनी तिथे अर्ज केला, आणि तिथे त्यांना प्रवेश मिळाला. त्यांच्या या दुसऱ्या अर्जामागे नेमके कारण होते: कोणाकडून काय शिकायचे हे आता ठरले होते.

खरी शिकण्याची गोष्ट त्याच्या पुढची आहे. १९५१ मध्ये पदवी घेतल्यावर बफे यांनी ग्रॅहम यांच्याकडे नोकरी मागितली, बिनपगारी राबण्याचीही तयारी दाखवली. ग्रॅहम नाही म्हणाले. बफे ओमाहाला परतले, शेअर दलालीचे काम करू लागले. चार माणसांत बोलायची भीती होती, म्हणून डेल कार्नेगींचा भाषणकलेचा वर्ग लावला, रात्रीच्या वर्गात गुंतवणूक शिकवली आणि ग्रॅहम यांना नवनव्या कल्पना कळवत राहिले. १९५४ मध्ये ग्रॅहम यांनी त्यांना बोलावून घेतले. चिकाटीची तारीफ सगळेच करतात. पण मधल्या तीन वर्षांत त्यांनी काय काय कमावले, हे त्या चिकाटीइतकेच महत्त्वाचे आहे.

म्हणूनच विरोध करायचा तो दुसऱ्या बाजूलाही. 'यंदा दोन पर्सेंटाइल वाढव, काम झालं,' असे सांगणारे क्लासवालेही मुलांची दिशाभूल करतात. ज्याला ९९ च्या वर पर्सेंटाइल मिळून मुलाखतीचा कॉल आला आणि मुलाखतीत जागा गेली, त्याने पुन्हा वर्षभर गणितेच सोडवत बसण्यात काय मिळणार? त्याला बोलण्याची, स्वतःचे क्षेत्र खोलात समजून घेण्याची गरज आहे. ज्याचे दहावीचे गुण कमी आहेत, त्याचे ते गुण आयुष्यभर तेवढेच राहणार. पण प्रत्येक आयआयएम त्या गुणांना सारखे वजन देत नाही. जाहीर सूत्र घेऊन, कागद-पेन्सिलीने हिशेब करून, कुठे दार उघडू शकते हे अर्जाआधीच पाहता येते. ज्याला कुठेच आशा दिसत नाही, त्याने त्या संस्थेचा नाद सोडावा. यात कमीपणा नाही.

वर्ष वाया जाते ते घरी बसल्याने. नोकरी करत तयारी केली, तर तोच अनुभव पुढच्या अर्जात गुण मिळवून देतो. परदेशी बिझनेस स्कूलसाठीच्या जीमॅट परीक्षेचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात, त्यामुळे परदेशी अर्ज करणाऱ्याला दरवेळी परीक्षा द्यावीच लागते असेही नाही. मुलींच्या बाबतीत मात्र हे वर्ष फार महाग ठरवले जाते, कारण लगेच लग्नाचा विषय निघतो. भावाला जो दुसरा प्रयत्न सहज मिळतो, तो बहिणीला मागून घ्यावा लागतो. ही असमानता घराघरांत उघडपणे बोलली गेली पाहिजे.

घरच्यांची एक हरकत मात्र खरी आहे: मुलाला आपण कुठे कमी पडलो हेच कळलेले नसेल, तर पुन्हा अर्ज करणे अंधारात दगड मारणेच. पण ही जबाबदारी संस्थांचीही आहे. मुलाखतीला बोलावलेल्या प्रत्येक उमेदवाराला लेखी चाचणीचे, मुलाखतीचे आणि एकूण सूत्रातले गुण प्रत्येक संस्थेने निकालाबरोबरच कळवावेत. हे आकडे संस्थांकडे असतातच. त्यांवरूनच तर यादी लागते. कॅटची पुढची नोंदणी सहसा ऑगस्टमध्ये सुरू होते. गुणांचा तपशील मेमध्ये हाती आला, तर पुन्हा अर्ज करायचा की नाही आणि केलाच तर कशावर मेहनत घ्यायची, हे ठरवायला मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना तीन महिने मिळतील.